भयभेरवापासून विपश्यनेपर्यंत

"टेन्शन" हा शब्द आता आपल्या वस्तीत मराठीच झाला आहे. रात्र रात्र डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, पोरगा कामावरून यायला जरा उशीर झाला की पोटात गोळा येतो. दोन-चार दिवसांची काळजी कोणाला चुकली नाही, पण वर्षानुवर्षे मानगुटीवर बसलेली धास्ती ही वेगळी गोष्ट. कोणी त्यासाठी गंडादोरा बांधतो, कोणी दवाखाना गाठतो, बरेचजण तर घरातही बोलत नाहीत. अलीकडे डॉक्टर मंडळी अशा माणसाला "माइंडफुलनेस करा" म्हणून सांगतात. शब्द इंग्रजी, पण तो ज्या अर्थाने ते वापरतात तो आला आहे पालीतल्या "सति" या शब्दावरून. आपण त्याला सम्यक स्मृती म्हणतो आणि पुष्कळांची समजूत होते की हे काही आठवण्याबद्दल आहे. इथे तिचा अर्थ भान, या क्षणी काय चालले आहे त्याचे भान.

या उपायाचा इतिहास पाहायचा तर मज्झिम निकायातल्या चौथ्या सुत्तापासून, भयभेरव सुत्तापासून सुरुवात करावी लागते. जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण तथागतांना विचारतो, की एकट्याने घोर अरण्यात राहणे फार कठीण ना? तथागत नाही म्हणत नाहीत. ते संबोधीच्या आधीची स्वतःची हकीकत सांगतात. चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या, अष्टमी अशा रात्री, ज्या जागांना लोक भीत त्या वनातल्या चैत्यांपाशी ते मुद्दाम जाऊन राहिले. कुठे जनावर यायचे, कुठे मोर काटकी मोडायचा, कुठे वाऱ्याने पाला सळसळायचा. मनात यायचे, आलीच ती भीती! मग त्यांनी स्वतःलाच विचारले, की मी हा सारखा भीतीची वाट बघत का बसलो आहे? आणि त्यांनी ठरवले, की चालताना भीती आली तर ती जाईपर्यंत चालतच राहायचे, बसायचे नाही. बसलेला असताना आली तर बसूनच राहायचे, उठून पळायचे नाही. ज्याला कायमची धास्ती आहे त्याने हे सुत्त एकदा तरी वाचावे. भीतीची वाट बघणे, हाच तर त्या आजाराचा गाभा आहे.

पुढे कुरू देशात, म्हणजे आजच्या दिल्लीच्या आसपास, कम्मासधम्म या गावी सतिपट्ठान सुत्त सांगितले गेले. त्यात पाच नीवरणे येतात. त्यांतले एक उद्धच्च-कुक्कुच्च, मराठीत चंचलता आणि रुखरुख. तिथे तिला हाकलून लावा असे सांगितलेले नाही. ती आहे तेव्हा आहे हे जाणा, नाही तेव्हा नाही हे जाणा, ती कशी येते आणि कशी जाते ते पहा. अट्ठकथेत असेही आहे की त्या देशात पाणवठ्यावर आणि सूत कातायच्या जागीसुद्धा लोक सतिपट्ठानाविषयीच बोलत. थोडी अतिशयोक्ती धरली तरी ही साधना फक्त भिक्खूंची नव्हती, हे त्यावरून कळते.

मग मधे मोठा काळ गेला. भारतातून धम्म ओसरला आणि बौद्ध देशांतही ध्यान बहुतेक भिक्खूंपुरते, तेही थोड्या भिक्खूंपुरते राहिले. ते पुन्हा घराघरात आले ते ब्रह्मदेशात, आणि गंमत अशी की तेही एका मोठ्या धास्तीतूनच. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले आणि थिबा राजाला कैद करून आपल्या रत्नागिरीला आणून ठेवले. तो १९१६ साली तिथेच वारला. त्याचा राजवाडा आपल्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. राजाश्रय गेला, आता धम्माचे काय होणार या चिंतेत तिकडे लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांच्यासारख्या भिक्खूंनी अभिधम्म आणि ध्यान साध्या संसारी माणसांना शिकवायला सुरुवात केली. त्यांनी सया तेजी या शेतकऱ्याला शिकवायची परवानगी दिली. तेजींकडून १९३७ साली ऊ बा खिन शिकले. हे गृहस्थ कारकुनीपासून चढत स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल झाले. दिवसभर हिशेब बघायचे आणि माणसांना ध्यानालाही बसवायचे.

त्यांच्याकडे १९५५ साली मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका आले. अर्धशिशीने त्यांना इतके पिडले होते की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. परदेशांतले डॉक्टर करून झाले होते. ऊ बा खिन यांनी त्यांना सरळ सांगितले, की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. मन शुद्ध करायला या, दुखणे त्याबरोबर गेले तर गेले. मला या सगळ्या इतिहासात हा नकार फार महत्त्वाचा वाटतो. "कधी जाते ही भीती?" म्हणून घड्याळ बघत बसलेला माणूस पुन्हा भीतीचीच वाट बघत असतो. गोयंका बरे झाले. १९६९ साली ते भारतात आले, मुंबईत शिबिर घेतले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली.

आपल्याकडे यावर वाद झाला आणि अजूनही होतो. बाबासाहेबांनी धम्म दिला तो डोळे मिटून बसायला नव्हे, असे चळवळीतले कार्यकर्ते म्हणतात. त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. हातची नोकरी गेलेल्या माणसाला, जातीवरून अपमान झालेल्या पोरीला "श्वास बघ" एवढेच सांगणे म्हणजे चेष्टा आहे. त्या काळजीचे कारण बाहेर आहे, आणि तिथे संघटनाच हवी. पण दुसरी बाजूही बघा. १९५६ ला घरातले देव गेले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेली भीती त्याच दिवशी गेली काय? साहेबाच्या केबिनपुढे अजून घाम फुटतो. बाबासाहेबांनी स्वतः अष्टांगमार्गातली सम्यक स्मृती वगळली नाही. मोर्चाला जाणाऱ्यालाही रात्री झोप लागतच असेल असे नाही.

दवाखान्यातली वाट निघाली १९७९ साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. जॉन कबात-झिन यांनी तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग काढला. त्यात श्वासाचे भान, अंगावरच्या संवेदना क्रमाने पाहणे आणि सावकाश चालणे होते. बुद्धाचे नाव मुद्दाम पुढे केले नव्हते. याचे वाईट वाटते खरे, पण रुग्णाला धर्म विचारून दारात उभे करायचे नव्हते, हेही समजून घेतले पाहिजे. १९९२ साली त्यांनी चिंतेचा आजार असलेल्या २२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या २० जणांची भीती व उदासी बरीच उतरली होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून तो पुरावा कच्चाच. पक्के काम बऱ्याच उशिरा, २०२२ साली प्रसिद्ध झाले. २७६ जणांपैकी काहींना हा वर्ग दिला आणि काहींना एसिटालोप्रॅम ही नेहमीची गोळी. आठ आठवड्यांनी दोन्हींचा गुण जवळपास सारखा निघाला. वर्गवाले रोज घरी पाऊण तास बसत होते, हे मात्र विसरू नये.

याचा अर्थ गोळी आपल्या मनाने बंद करावी असा कोणी काढू नये. एकदम सोडली तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो. कमी करायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू. आणि दहा दिवसांचे मौन प्रत्येकाला झेपतेच असेही नाही, काहींची भीती तिथे उलट वाढते. म्हणून शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी वेगळा प्रश्न असतो. लोक काय म्हणतील म्हणून आपली माणसे तिथे "नाही" लिहून मोकळी होतात. तिथे खरे ते लिहावे, चालू गोळ्यांची नावेही लिहावीत. तोवर घरी किंवा विहारात रोज दहा मिनिटे श्वास पाहायला अर्ज लागत नाही. बसून जीव घाबरा होत असेल तर सावकाश चालत, पावलांकडे लक्ष ठेवून केले तरी चालते.