वतन
‘वतन’ मूळचा अरबी. तिथे अर्थ राहते ठिकाण, मायदेश. मराठीत तो गावगाड्यात रुजला: पाटीलकी, कुळकर्ण, महारकी. बापाकडून लेकाकडे चालत येणारा हक्क, आणि त्याला जोडलेली चाकरीही. मराठी बायबलने देवाच्या लेकरांच्या वारशासाठी हाच शब्द घेतला, आणि किती नेमका घेतला! ख्रिस्ती होणाऱ्यापुढे प्रश्न घरच्या वारशाचाच होता. धर्मांतरिताचा वारसाहक्क १८५०च्या कायद्याने राखला खरा, पण गणगोत अनेकांचे तुटलेच. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळक १९१९ साली गेले, ख्रिस्तचरित्रावरचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे ठेवून. ते ओवीबद्ध काव्य, वतन चालवावे तसे, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या हाताने पुढे नेले.