शब्दवेध: उत्तरायण

संस्कृतात 'इ' म्हणजे जाणे. या धातूपासून 'अयन' झाला: गमन, वाट. उत्तरेकडचे अयन ते उत्तरायण. 'उत्तर'मधल्या 'र'मुळे इथे 'न'चा 'ण' होतो, 'रामायण'मध्ये झाला तसाच. 'दक्षिणायन'मध्ये मात्र 'न' टिकतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदला, 22 डिसेंबरच्या सुमारास दिवस पावणेअकरा तासांच्या आसपास असतो. भरदुपारचा सूर्यही दक्षिणेला जेमतेम 45 अंशांवर दिसतो. तिथून तो उत्तरेकडे वळतो. खरे उत्तरायण हेच. तिळगूळ आणि वाण मात्र 14-15 जानेवारीला. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा घुमतो, त्यामुळे साधारण 72 वर्षांत एक दिवस या गतीने संक्रांत पुढे सरकली. सुमारे 1700 वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत.

पेरूच्या अँडीज पर्वतात असाच सण जूनमध्ये येतो, कारण दक्षिण गोलार्धातला हिवाळा तेव्हा. क्वेचुआ भाषेत 'इंती' म्हणजे सूर्य, 'रायमी' म्हणजे सण. स्पॅनिश राजवटीत बंदी आलेला इंती रायमी 1944 पासून कुस्कोत पुन्हा जाहीरपणे साजरा होतो, 24 जूनला. त्यांच्या शब्दात सूर्य आहे, आपल्या शब्दात त्याची वाट. ती वाट मुलांना डिसेंबरातच दाखवायला हवी.