अरबी सन आणि डिचोलीचा कागद

नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराच्या देवालयावर शिवाजी महाराजांच्या आज्ञेचा जो शिलालेख आहे, त्यात शके 1590, कार्तिक वद्य पंचमी असा काल दिला आहे. देवाच्या दारी संस्कृत भाषा आणि शालिवाहन शक यावेत हे योग्यच होय. परंतु त्याच दिवशी जवळच्या डिचोलीत एखादा कारकून मोडीत पत्र लिहावयास बसला असता, तर त्याने वर्ष घातले असते 'तिसा सितैन अलफ', आणि दिवस घातला असता 'छ 18 जमादिलाखर'. चंद्रदर्शन एक दिवस उशिरा झाले असल्यास 17. 'छ' म्हणजे चंद्र. घरी एकादशी करणाऱ्या त्या गृहस्थाला लेखणी उचलताना आज चंद्र कितवा, हे ठाऊक असावेच लागे.

हे ज्ञान काही अवघड नव्हते. शुद्ध प्रतिपदेला अथवा द्वितीयेला सायंकाळी कोर दिसली की मुसलमानी महिना लागला. पुढे तिथीतून एक-दोन वजा केले की चंद्र निघे. अडचण पावसाळ्याची. पेडण्याच्या आकाशात आषाढ-श्रावणात कोर दिसणार कशी? अशा वेळी पंचांगावरच भिस्त, आणि मग दोन गावच्या पत्रांत एका दिवसाचा फरक पडू शके. अधिक मास आला की चांद्रमासांची जोडीही सरके. गेल्या वर्षी ज्या महिन्याशी रमजान पडला, त्याच्याशी तो कायमचा बांधलेला नसे.

वर्षाची गोष्ट याहून विलक्षण आहे. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे. ते ऋतूंतून मागे मागे सरकते. पीक मात्र सूर्याच्या हिशेबाने येते, आणि सारा पिकातूनच द्यावयाचा असतो. म्हणून हिजरी 745 मध्ये, म्हणजे इ. स. 1344 साली, महंमद तुघलकाच्या काळी हिजरीचाच आकडा घेऊन तो सौर वर्षाला जोडण्यात आला. हाच शुहूर सन, अरबी सन अथवा मृगसाल. सूर्य मृग नक्षत्रात गेला की सन बदले. महिने व दिवस मात्र चंद्राचेच राहिले. पेरणीची सुरुवात तीच दप्तराची सुरुवात, ही सोय शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आकडे अरबी शब्दांत लिहिण्याची चालही मला शहाणपणाची वाटते: अंक खोडून बदलता येतो, 'सितैन'चे 'सबैन' करणे तितके सोपे नाही.

या मिश्र गणनेत एक गंमत दडलेली आहे. सौर वर्ष चांद्र वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी मोठे असल्यामुळे एकाच शुहूर सनात अकराएक चंद्र दोनदा येतात, एकदा आरंभी व एकदा अखेरीस. अशा तारखेचे पत्र वर्षाच्या कोणत्या टोकाचे, हे वार दिला असेल तर वारावरून, नाही तर मजकुरावरून ठरवावे लागते. मोडकांची जंत्री उघडून पहिली सापडेल ती तारीख उतरून घेणे येथे उपयोगी पडत नाही.

याहून मोठा घोटाळा आकड्याचा होतो. तिसा सितैन अलफ म्हणजे 1069. यात 599 मिळवावे, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या दिवसांस 600. म्हणजे 1668 हे वर्ष येते. नवख्या वाचकाने तोच आकडा शुद्ध हिजरी समजला तर तो 1658-59 मध्ये जाऊन पोचतो. खरा हिजरी सन त्या दिवशी 1079 होता. तीन शतकांहून अधिक काळात दोहोंत दहा वर्षांचे अंतर पडले होते. आता 1658 साली डिचोलीवर अंमल विजापूरकरांचा आणि 1668 साली शिवाजी महाराजांचा. वतनाच्या एखाद्या कागदात ही चूक झाली, तर देणगी देणारा धनीच बदलतो. आमच्याकडील जुन्या घराण्यांतून असे रुमाल अजून निघतात आणि ते वाचणारे थोडे, म्हणून हा विषय केवळ विद्वानांचा म्हणून सोडून देता येत नाही.

पुढे सावंतवाडीकर भोसल्यांकडून डिचोली आणि नंतर 1788 साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले, व या नव्या काबिजादींत ग्रेगरीय तारीख सरकारी झाली. तिच्यातही एक खाच आहे. पोर्तुगालने ही सुधारलेली गणना 1582 सालीच स्वीकारली, इंग्रजांनी 1752 पर्यंत नाही. त्यामुळे नार्व्याच्या त्या कार्तिक वद्य पंचमीस मराठी इतिहासग्रंथ जुन्या गणनेप्रमाणे 13 नोव्हेंबर म्हणतात, आणि मांडवीपलीकडे पणजीच्या बाजूचा पोर्तुगीज लेखक त्याच दिवशी 23 नोव्हेंबर लिहीत होता.