सबब: दोरापासून थापेपर्यंत

तहसील कचेरीत द्यायच्या अर्जाचा शेवट ‘सबब विनंती की’ असा होतो. तिथे सबब म्हणजे ‘म्हणून’; त्यात खोटेपणाचा वासही नाही. कचेरीबाहेर मात्र उशिरा आलेल्याला ऐकावं लागतं, ‘सबबी सांगू नकोस.’

शब्द मूळचा अरबी. सबब म्हणजे आधी दोर, वर चढण्याचा किंवा पाण्यापर्यंत पोचण्याचा. त्यावरून साधन आणि मग कारण. दोराचा अर्थ छंदशास्त्रात टिकला: आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी वृत्ताच्या घटकांना सबब (दोर) आणि वतद (खुंटी) अशी तंबूच्या सामानातली नावं दिली.

मराठीत तो फारसीतून आला, दरबारी कागदांच्या वाटेनं. धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग-परंड्याच्या मुलखात सुलतानी कारभार रुजला आणि त्याची भाषाही. शिवकाळातल्या राजव्यवहारकोशानं फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी सबब कागदावरून हलली नाही. पेशवाईतल्या मोडी पत्रांतही ती सरळ ‘त्यामुळे’ या अर्थानं येते. धाराशिवात तर निजामाची राजवट १७ सप्टेंबर १९४८पर्यंत होती आणि कचेरीची भाषा उर्दू.

मग ती बदनाम कशी झाली? मला वाटतं, सबब नेहमी खालच्यानं सांगायची आणि वरच्यानं ऐकायची. सारा थकला, हजेरी चुकली, मुदत हवी. ऐकणाऱ्याचा संशय हळूहळू शब्दालाच चिकटला. ‘निमित्त’ अस्सल संस्कृत, पण ‘निमित्त काढलं’ म्हटलं की तेही डागाळतं. ‘कारण’ एकवचनात खरं असतं, ‘कारणं देऊ नकोस’ म्हणताच खोटं. अनेकवचनाला आपण एवढे का बिचकतो? माणसाला एका वेळी दोन खऱ्या अडचणी असू शकतात.

उर्दूत सबबीचं असं झालं नाही. तिथे खोट्यासाठी ‘बहाना’ वेगळा, आणि सबब अजूनही पुल्लिंगी, निखळ कारण. मराठीत ती स्त्रीलिंगी झाली आणि ‘सबबीखाली’ म्हणत आपण तिला पांघरूण करून टाकलं. धाराशिवच्या एकाच गल्लीत उर्दू बोलणाऱ्या घरची सबब खरी आणि शेजारच्या मराठी घरची खोटी असते.

पावसानं दगा दिला, पिकाची पैसेवारी ५० पैशांखाली गेली, म्हणून शेतकरी कर्जाला मुदत मागतो. त्यावर कुणी ‘दुष्काळाची सबब पुढे करून’ असं लिहिलं, की मी तो शब्द खोडून ‘दुष्काळामुळे’ लिहितो.