संतपटांतील ‘अभंग’ : संतांचे किती, चित्रपटाचे किती?

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. तेरणाकाठी त्यांची समाधी आहे. त्यांच्या नावावरील अभंग मोजकेच उपलब्ध आहेत. मात्र गोरोबांचे म्हणून ओठांवर येणारे ‘तुझे रूप चित्ती राहो’ हे गीत त्यांचे नाही. १९६७ मधील ‘संत गोरा कुंभार’ या चित्रपटासाठी ते ग. दि. माडगूळकर यांनी लिहिले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध करून गायिले.

या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६). विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल दिग्दर्शित या चित्रपटाचे संगीत केशवराव भोळे यांचे होते. त्यातील ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवले यांनी रचले. परंतु अनेकांनी ते तुकोबांचाच अभंग मानले. संतरचनांच्या अखेरीस बहुधा ‘तुका म्हणे’ किंवा ‘म्हणे गोरा कुंभार’ अशी नाममुद्रा असते. या गीतात ती नाही. अर्थात मुद्राही निर्णायक पुरावा नव्हे; नंतरच्या रचनांतही संतांचे नाव गुंफले गेले आहे.

शब्दांपेक्षा चालींचा प्रश्न अधिक अवघड आहे. युरोपात सोळाव्या शतकातील चर्चचे समूहगान स्वरलिपीत उतरले आणि छापलेही गेले. त्यामुळे ऐतिहासिक चित्रपटात त्या काळाचे संगीत वापरणे तेथे शक्य असते. तरीही शेखर कपूर यांच्या ‘एलिझाबेथ’मध्ये (१९९८) सोळाव्या शतकातील राणीच्या कथेला मोझार्टच्या १७९१ मधील ‘रेक्विएम’ची साथ मिळाली. अभंगांचे शब्द वह्यांत उतरले, पण चाली टाळ-मृदंगाच्या साथीने मुखोद्गतच राहिल्या. गोरोबांच्या किंवा तुकोबांच्या काळी त्या नेमक्या कशा होत्या, हे दाखविणारी स्वरलिपी नाही. अभंगाशी आज एकरूप झालेली हार्मोनियमही एकोणिसाव्या शतकातील आहे.

म्हणूनच संतपटातील संगीताला इतिहासाचा दस्तऐवज मानता येत नाही. त्याने भक्तीचा भाव घरोघरी पोहोचविला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र गीतकाराचे नाव पुसून ते संतांच्या नावावर लावले, तर दोघांवरही अन्याय होतो. शंका आल्यास गाथा उघडून पाहणे आणि चित्रपटाची श्रेयनामावली वाचणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.