घरातील छोट्या टाकीत मासे किती ठेवावेत? वर्ध्याच्या उन्हाळ्यातला हिशेब

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच हे घरगुती माशांच्या टाकीचे नेहमीचे माप. अशी टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावते. पण वर दोन-तीन बोटे जागा सोडावी लागते, तळाशी खडी असते, शोभेचा दगड किंवा किल्ला असतो. ते सगळे वजा केले की माशांच्या वाट्याला सुमारे ४५ लिटर पाणी येते. इतर मापाच्या टाकीसाठी लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि १००० ने भागावे. उत्तर लिटरमध्ये मिळते.

या ४५ लिटरमध्ये वीस छोटे मासे पोहताना अजिबात दाटी वाटत नाही, आणि फसगत इथेच होते. टाकीची मर्यादा जागेवर ठरत नाही. पाण्यात ऑक्सिजन किती विरघळलेला आहे आणि माशांनी टाकलेली घाण किती वेगाने निपटते, यावर ती ठरते. या दोन्ही गोष्टी तापमानाशी बांधलेल्या आहेत. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांवर जातो. त्यामुळे इथल्या टाकीतले मासे डिसेंबरच्या पाण्याकडे बघून मोजता येत नाहीत. ते मे महिन्याच्या हिशेबाने मोजावे लागतात.

पाणी तापले की काय होते?

२५ अंशांच्या पाण्यात एका लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. घट फार मोठी वाटत नाही, पण त्याच वेळी माशाची गरज उलट वाढत असते. मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी तापले की त्याच्या शरीरातल्या क्रिया वेग घेतात आणि १० अंशांच्या वाढीला त्याची ऑक्सिजनची गरज जवळपास दुप्पट होते. म्हणजे पुरवठा थोडा कमी होतो आणि मागणी मात्र दुप्पट होते. टाकीत पाणवनस्पती असतील तर रात्री त्याही ऑक्सिजनच घेतात. म्हणून दाटीच्या टाकीतले मासे बहुधा पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. ती भूक समजून अनेक जण आणखी दाणे टाकतात, आणि त्याने हाल वाढतात.

दुसरी बाब अमोनियाची. माशांची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा मल आणि न खाल्लेले दाणे यांतून अमोनिया तयार होतो. खडी आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही फौज नव्या टाकीत नसते, ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली त्याच दिवशी पंधरा मासे सोडले की आठवड्याभरात निम्मे दगावतात, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. ‘दुकानातूनच आजारी आले’ हे निदान सोपे असते, बरोबर असतेच असे नाही.

यात वर्ध्याच्या पाण्याचाही वाटा आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे. विहिरी आणि बोअरचे पाणी सहसा जड असते आणि त्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ च्या वर राहतो. सामू ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचे विषारी रूप जवळपास दहापट होते, आणि गरम पाण्यात त्यात आणखी भर पडते. गप्पी, मॉली आणि प्लॅटी यांना जड पाणी मानवते, हा त्यातला दिलासा. पण त्यांनाही अमोनिया सोसत नाही.

मग मासे किती?

जगभर चालणारा ढोबळ नियम ‘एका गॅलनला एक इंच मासा’ असा आहे. आपल्या मापात तो दीड लिटरला एक सेंटिमीटर होतो. इथल्या उन्हाळ्यासाठी दोन लिटरला एक सेंटिमीटर धरणे शहाणपणाचे. त्या हिशेबाने ४५ लिटरमध्ये एकूण २२ सेंटिमीटर मासे बसतात, म्हणजे सहा-सात गप्पी. दुकानदाराला हा आकडा केविलवाणा वाटेल.

माशाची लांबी धरायची ती पूर्ण वाढीची, आणि हा नियम फक्त बोटाएवढ्या, सडपातळ माशांना लागू पडतो. लांबी दुप्पट झाली की माशाचे वजन सुमारे आठपट होते आणि घाणही तशीच वाढते. गोल्डफिश दुकानात दोन इंचांचा असतो, पण नीट वाढला तर १५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. तो खातोही भरपूर. दोन फुटी टाकी त्याच्यासाठी नाहीच, मग काचेच्या बाउलचे नावच नको. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे चंदेरी पिल्लू पंगॅशियस जातीचे असते आणि मोठ्या पाण्यात मीटरभर वाढते. हॉटेलात बासा म्हणून ताटात येणारा मासा त्याच कुळातला. जागा फारच कमी असेल तर एकटा फायटर ठेवावा. तो पाण्याबाहेरची हवाही घेऊ शकतो. मात्र दोन नर एकत्र ठेवू नयेत, ते झुंजतात.

गप्पींचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, कारण आकडा आपोआप वाढतो. मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्ले देते आणि एकदा मिलन झाले की नराशिवाय पुढचे काही महिने देत राहते. फक्त रंगीत शेपटीचे नर ठेवले तर हा प्रश्न मिटतो.

उन्हाळ्यातली तजवीज

टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर आणि कूलर असलेल्या खोलीत ठेवावी. झाकण काढून जाळी लावली आणि पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. पाणी मात्र रोज आटते. आटलेले भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे, कारण क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. आठवड्याला पाव टाकी पाणी काढून नवे घालावेच.

ते नवे पाणी दुपारी नळातून थेट घेऊ नये. गच्चीवरच्या प्लास्टिक टाकीतले पाणी तेव्हा अंग भाजेल इतके तापलेले असते. सकाळीच बादली भरून सावलीत उघडी ठेवावी. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही २४ तासांत बरेचसे उडून जाते. फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुऊ नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर जिवाणूंची फौज धुऊन जाते.

वीज गेली की टाकीची खरी परीक्षा होते. हवेचा पंप बंद पडतो, आणि दाटी असेल तर मे महिन्याच्या रात्री दोन-तीन तासांतच मासे वर येऊ लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असावा. नसेल तर मगने टाकीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा सोडत राहावे. त्या दिवशी दाणे घालू नयेत. सुदृढ मासा दोन-तीन दिवस उपाशी सहज राहतो.

जादा झालेल्या माशांचे काय?

धाम नदीत किंवा बोर धरणात नेऊन सोडणे हा दयाळू वाटणारा मार्ग वाईटच आहे. सोलापूर-पुणे भागातल्या उजनी जलाशयात ‘टाकी साफ करणारा’ म्हणून विकला जाणारा सकर मासा पसरला आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर कठीण कवच असलेला आणि फूटभर वाढणारा. जाळ्यात अडकला की जाळे फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी आरोग्य विभाग साचलेल्या पाण्यात सोडतो, पण तो परवाना घरातले मासे नदीत टाकण्याचा नव्हे.

जादा मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा मोठी टाकी असलेल्या ओळखीच्या घरी पोचवावेत. नेताना पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवावी. प्रवास संध्याकाळी ऊन उतरल्यावर करावा. नव्या टाकीत सोडण्याआधी बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी.