तंजावरच्या भिंतीवरील मराठी

तंजावरास जाणारा यात्रेकरू प्रथम बृहदीश्वराच्या शिखराकडे पाहतो, आणि ते योग्यच होय. राजराज चोलाने सन १०१० मध्ये सिद्धीस नेलेल्या या देवालयाचे शिखर २०० फुटांहून अधिक उंच आहे. भव्य नंदी पाहून, गाभाऱ्यात दर्शन घेऊन बहुतेक मंडळी परततात. आम्ही मात्र वाचकांस प्राकाराच्या नैर्ऋत्य भागाकडे नेऊ इच्छितो. तेथे गर्दी नसते.

तेथील भिंतींवर देवनागरी अक्षरांत कोरलेला प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. सरफोजी राजे यांनी सन १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा हा इतिहास होय. चोलांच्या तमिळ लेखांनी भरलेल्या मंदिरात आपली भाषा अकस्मात समोर उभी राहावी, हा अनुभव विलक्षण आहे.

या लेखाचा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. व्यंकोजी राजांनी स्थापिलेल्या या राज्याचा कारभार सन १७९९ च्या तहाने कंपनी सरकारकडे गेला होता. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला तेवढा उरला. सत्ता गेल्यावर अवघ्या ४ वर्षांत त्यांनी कुळाची स्मृती पाषाणास सोपविली. सन १८५५ मध्ये उरलेसुरले राजपदही खालसा झाले. अक्षरे मात्र राहिली.

देवालयानजीक शिवगंगा तलावाकाठी श्वार्ट्झ यांचे प्रार्थनामंदिर आहे. सन १७९८ मध्ये मृत्युशय्येवर असलेल्या या गुरूच्या भेटीस आलेले सरफोजी तेथे फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने संगमरवरात दाखविले आहेत. राजवाड्याच्या जीर्ण चौकांतून पुढे गेल्यास सरस्वती महाल ग्रंथालय लागते. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी पोथ्यांसमवेत तेथे मोडी दप्तरांचा मोठा संग्रह आहे.

येथेच आमचे मन थबकले. भिंतीवरील देवनागरी कोणीही मराठी साक्षर मनुष्य वाचू शकेल. परंतु दप्तरांतील मोडी वाचणारे आज विरळा आहेत. आणि ही उणीव केवळ तंजावरची आहे काय? आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या ट्रंकांमध्ये खरेदीखते, वाटणीपत्रे व जमाखर्चाच्या वह्या मोडीतच पडून असतील. माळा साफ करताना असे कागद रद्दीत जाण्यास एक सकाळ पुरते.

राजाजवळ दगड होता, कारागीर होते. आपणांजवळ कागदच आहेत. म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे की, असे कागद कोरड्या जागी जपावेत, जाणत्याकडून वाचवून घ्यावेत, आणि प्रत्येक घरातील निदान एका तरुणाने वा तरुणीने मोडी शिकावी. तसे घडल्यास आमची तंजावरची यात्रा सफळ झाली, असे आम्ही मानू.